जरा जुनी पोस्ट

२००८-०९ च्या सुमाराचा कुठलाही मराठी ब्लॉग आठवून बघा. लेख मधल्या पट्टीत अंग चोरून बसलेला आणि उजवीकडे, हौस जास्त असेल तर दोन्हीकडे, काय काय लावलेलं. डिजिटल घड्याळ, म्हणजे वाचकाच्या कॉम्प्युटरवर खाली कोपऱ्यात घड्याळ असतंच तरीही. हिट काउंटर. माउसमागे पळणारे मासे, त्यांना क्लिक करून खायला घालायचं. जगाचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. मराठीब्लॉग्स डॉट नेटचा बिल्ला, 'मी मराठी'चा बिल्ला, आणि स्टार माझाच्या 'ब्लॉग माझा' स्पर्धेत नाव आलेलं असलं तर तो बिल्ला सगळ्यात वर. डिसेंबर लागला की अख्ख्या पानावर बर्फ पडायचा. ठाण्यात बसून लिहिलेल्या, मोदकांच्या उकडीवरच्या लेखावर बर्फ!

गणपतीच्या आराशीत कधी कधी होतं ना, एवढे लाइट सोडलेले असतात की मूर्ती कुठेय ते शोधावं लागतं, तसं. आणि हे मी नाक मुरडून सांगत नाहीये, माझ्या ब्लॉगवर यातलं जवळजवळ सगळं होतं आणि मला ते जाम आवडायचं.

हे सगळं एकदम का आलं त्यालाही कारण आहे. ब्लॉगर, म्हणजे आमचे ब्लॉग ज्यावर असायचे ते, तसं १९९९ सालचं, पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीचं, २००३ मध्ये ते गूगलनं घेतलं. पण बराच काळ ब्लॉगवर काही लावायचं तर टेम्प्लेटचं एचटीएमएल उघडून त्यात हात घालावा लागायचा आणि एक कंस इकडचा तिकडे झाला की पान पांढरं. २००६-०७ च्या आसपास नवीन लेआउट आलं, खोके उचलून इकडून तिकडे ठेवायचे, 'ॲड अ गॅजेट' दाबायचं, झालं. त्यात एक खोका होता 'एचटीएमएल / जावास्क्रिप्ट' नावाचा, त्यात कुठूनही कॉपी केलेला कोड चिकटवला की तो चालायचा, कोणी लिहिलाय, तो काय करतो, काही विचारायचं नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसोयीवाल्यांची वेगळी तऱ्हा, तिकडे २००४ पासून प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे तयार तुकडे, आली आणि आता त्यांच्या फुकट डिरेक्टरीत ती ६०,००० च्या घरात आहेत. म्हणजे ब्लॉगवर काय लावता येईल हा प्रश्नच उरलेला नाही, काय ठेवायचं एवढाच आहे. या दिवाळीच्या आधी घर आवरताना ब्लॉगही आवरायला काढला आणि त्यातून हा लेख.

आवरताना एक गोष्ट लक्षात आली ती आधी सांगून टाकते. मी लावलेली बहुतेक सगळी गॅजेटं वाचकासाठी नव्हतीच, ती माझ्यासाठी होती. कोण आलं, कुठून आलं, किती आले. फीडजिट नावाचं एक होतं, त्यात लाइव्ह दिसायचं, अमुक शहरातून एक पाहुणा आलाय, तमुक लेख वाचतोय. (ते करणाऱ्यांनीच पुढे वर्डफेन्स काढलं, वर्डप्रेसची राखण करणारं प्लगइन. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची सवय अशी कामाला आली.) लेख टाकला की मी तासभर ते बघत बसायचे. दोहाचा पाहुणा, सनीव्हेलचा पाहुणा, आणि नकाशावर नॉर्वेत एक ठिपका होता, त्या नॉर्वेवाल्याबद्दल मी घरात एवढं बोलले की नवरा विचारायचा, "आज नॉर्वे आलं का?" बरं, ही गावं आयपी पत्त्यावरून काढलेली, त्यामुळे माझा स्वतःचा ठिपका कधी मुंबईत पडायचा, कधी भलतीकडेच. तर नॉर्वेचं काय खरं.

पण वाचकाला त्याचा काय उपयोग? माझी फणसाच्या सांदणांची पोस्ट शोधत आलेल्या बाईला, तिच्याबरोबर आत्ता आणखी चार जण ब्लॉगवर आहेत हे कळून सांदणं बरी होणार होती का.

शिवाय ही बाहेरची गॅजेटं म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारं स्क्रिप्ट असतं, आणि तो दुसरा दुकान कधी बंद करेल सांगता येत नाही. माझ्या काउंटरचं तेच झालं. कंपनी कधीच गुंडाळली गेली होती, डोमेन दुसऱ्या कोणीतरी घेतलं, आणि एक दिवस मैत्रिणीचा फोन, "अगं तुझ्या ब्लॉगवर गेलं की लॉटरी लागल्याचं पान उघडतंय." भाचा आला होता तेव्हा, त्यानं टेम्प्लेट उघडून बघितलं.

"मावशी, हे स्क्रिप्ट कुणाचंय?"

"काउंटर आहे तो. आकडा दिसतो ना."

"आकडा कुठेय पण?"

आकडा खरंच नव्हता. कधीपासून नव्हता कोण जाणे, रिकामी चौकट होती आणि तिच्या मागे ते स्क्रिप्ट आपलं चालूच. आणि हे माझ्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं नाही. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओचं प्रकरण झालं ते बघा, जुन्या ब्राउझरांना नवीन गोष्टी समजाव्यात म्हणून जगभरच्या साइटांनी लावलेलं भलं स्क्रिप्ट, डोमेन एका चिनी कंपनीच्या हातात गेलं आणि लाखाहून जास्त साइटांवरून लोकांना भलतीकडे ढकलायला लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच, बाहेरून येणारं स्क्रिप्ट काढून टाकल्यावर आठवडाभरात कुणी काही विचारलं नाही तर ते परत लावायचं नाही. आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. मासेसुद्धा गेले, कुणी चौकशी केली नाही. नॉर्वेनंही नाही.

राइट-क्लिक बंद करणाऱ्या स्क्रिप्टबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं कारण तो मराठी ब्लॉगवाल्यांचा जुना दुखरा विषय आहे. आपला लेख नाव काढून ईमेलमध्ये फिरायचा, मग तोच व्हॉट्सॲपवर फिरायला लागला, आणि कळस म्हणजे आपल्याच मावससासूनं आपलाच लेख आपल्याला 'खूप छान, नक्की वाचा' म्हणून पाठवायचा. मग चिडून सगळ्यांनी ते कुलूप लावलं. राइट-क्लिक केलं की खोका यायचा, 'या ब्लॉगवरील मजकूर कॉपीराइटखाली आहे', काहींच्या खोक्यात तर चांगला दमच भरलेला असायचा. चोराला त्यानं शष्प फरक पडत नाही, ब्राउझरचा रीडर मोड लावला, पानाचा सोर्स उघडला किंवा जावास्क्रिप्ट बंद केलं की सगळं हातात. अडतं कोण, तर एखादं वाक्य आवडलं म्हणून मैत्रिणीला पाठवू बघणारी बाई, लिंक नव्या टॅबमध्ये उघडू बघणारा माणूस, आणि फोनवर शब्द दाबून अर्थ बघणारी अमेरिकेतली मुलं ज्यांना मराठी वाचायला येतं पण 'उंबरठा' अडतो. मी कुलूप काढलं. त्याऐवजी प्रत्येक लेखाच्या शेवटी, लेखाचाच भाग म्हणून, माझं नाव आणि ब्लॉगचं नाव एका ओळीत लिहिते. आळशी फॉरवर्डवाले सगळं सिलेक्ट करून पाठवतात, त्यात ती ओळही जाते. काढणारे काढतातच, त्यांना कोण काय करणार.

आता ज्या गोष्टींना कुणी ॲड-ऑन म्हणत नाही पण ज्यांनी खरा फरक पडला त्या. पहिली आईमुळे कळली. आई टॅबवर वाचते. एकदा म्हणाली, "तू हल्ली पुसट का लिहितेस गं?" मला वाटलं लिखाणाबद्दल म्हणतेय, थोडा राग पण आला. तर तिला अक्षरंच पुसट दिसत होती. नवीन टेम्प्लेट घेतलं होतं, एकदम स्टायलिश, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं आणि तीही बारीक. इंग्रजी अक्षरं त्या साइजला चालून जातात, आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, 'द्ध' आणि 'ध्द' यातला फरक दिसायला जागा लागते. आणि टेम्प्लेट करणाऱ्यानं दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो. अक्षर मोठं केलं, काळं केलं, ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट केलं. तीन आकडे बदलले, कुठलंही प्लगइन नाही.

फॉन्टचं तर आता सुखच आहे. एकेकाळी वाचकाच्या विंडोजमध्ये मंगल आहे का नाही यावर सगळं अवलंबून, नसेल तर चौकोन चौकोन. आता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचे 'मुक्त', 'बलू' आहेत, नोटो आहे, तिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी घेऊन आलाय, सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट. पण एक खुबी बऱ्याच जणांना माहीत नसते. आपला 'ल' आणि आपला 'श' हिंदीपेक्षा वेगळे वळणाचे, शाळेत आपण गिरवलेले. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं, नाहीतर तो हिंदी वळण दाखवतो. सांगायचं कसं, तर पानाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग म्हणून 'एम आर' लिहायचं, ब्लॉगरच्या नव्या टेम्प्लेटांत सेटिंगमध्ये भाषा मराठी केली की पुरतं. मी ते केलं आणि पान रिफ्रेश केलं तेव्हा सगळे ल एका क्षणात बदलले, मी दोनतीनदा मागेपुढे करून नुसतं बघत बसले. त्याच सेटिंगचा दुसरा फायदा, मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम पानाला मराठी म्हणून ओळखतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. आईला मनोहर आवडत नाही. आरोहीकडून ती भाजी निवडता निवडता लेख ऐकते आणि मध्येच तिला उलट उत्तरंही देते.

दुसरी गोष्ट लिंकची. ब्लॉगरला देवनागरी शीर्षक दिलं की तो त्यातलं काहीच लिंकमध्ये घेत नाही, सगळ्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर १२' असे. पूर्वी त्यावर एक युक्ती होती, आधी इंग्रजी अक्षरांत शीर्षक टाकून पब्लिश करायचं आणि मग परत येऊन मराठी करायचं, आता कस्टम पर्मालिंकची सोय आहे. वर्डप्रेस उलट देवनागरी घेतं, ॲड्रेस बारमध्ये दिसतंही सुंदर, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की टक्के-ई-शून्य-टक्के-ए-चार अशी सापासारखी लांबलचक ओळ. एकेक अक्षरखूण तीन बाइटची, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे एका खुणेला नऊ. आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये त्या जागेला २०० ची मर्यादा, त्यामुळे बावीसेक खुणांनंतर, त्यात काना-मात्रापण आल्या, शीर्षक मध्येच तोडलेलं. शहाण्यानं दोनतीन शब्दांची रोमन लिंक हातानं लिहावी.

वाचकाला नवीन लेख कसा कळणार, हे तिसरं. यात माझ्या पिढीच्या ब्लॉगवाल्यांनी दोनदा मार खाल्ला. ब्लॉगची फीड असते, म्हणजे नव्या लेखांची आपोआप होणारी यादी, आणि बऱ्याच ब्लॉगांच्या फीड एका जागी वाचायला गूगल रीडर होतं. आधी १ जुलै २०१३ ला ते बंद झालं आणि फीडवरून वाचणारे जे गेले ते बरेचसे परत आलेच नाहीत, तोपर्यंत सगळे फेसबुकवर जाऊन बसलेच होते. मग २०२१ च्या जुलैमध्ये फीडबर्नरचं ईमेलनं लेख पाठवणं बंद झालं. ज्यांनी आधी सबस्क्राइबरांची यादी उतरवून घेतली ते वाचले. यादी आपल्याकडे असणं हेच यातलं सगळ्यात महत्त्वाचं, पाठवायला मग काहीही वापरा. फीड मात्र अजून आहे बरं का, ब्लॉगरची असतेच, वर्डप्रेसची असतेच, फीडलीसारख्या रीडरात आजही लागते, फक्त तिचं बटण लोकांनी काढून टाकलंय कारण ते केशरी चिन्ह काय आहे ते कुणाला कळेना. मी परत लावलंय, खाली एक ओळ लिहून. शेअरची सात बटणं काढली. फोनमध्ये शेअर असतंच, आणि माझा एकही वाचक लिंक्डइनवर सांदणं शेअर करणार नाहीये.

भाच्याला सगळ्यात जास्त काढावंसं वाटलेलं गॅजेट म्हणजे ब्लॉगलिस्ट. आपण वाचतो ते ब्लॉग, ज्याचा लेख सगळ्यात ताजा तो वर, शेजारी किती वेळापूर्वी टाकला ते. माझ्याकडे वरचे पाचसहा जिवंत आहेत आणि मग खाली ७ वर्षांपूर्वी, ९ वर्षांपूर्वी, ११ वर्षांपूर्वी. "मावशी, हे डेड आहेत सगळे," तो म्हणाला. ब्लॉग बंद असला म्हणून लेख थोडेच बंद झालेत! त्यातल्या एकीनं एसटीच्या डेपोतल्या कँटीनबद्दल जे लिहून ठेवलंय तसं मला आजपर्यंत कुठे छापून आलेलं दिसलं नाही. गूगल तिला शोधून देत नाही, तिच्या लिंका 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर ३' अशा, तर निदान माझ्या साइडबारमधून तरी कुणी जाईल. ब्लॉगलिस्ट राहिली. उलट आता मी तिच्यात त्या ब्लॉगचं नुसतं नाव न ठेवता त्यातला आवडता एक लेख ठेवते.

आणि खरा प्रश्न तिथेच आहे, माझ्या ब्लॉगचाही. ब्लॉग ही मुळात उलटी वही, नवीन वर, जुनं खाली खाली जात राहतं. वाचक पहिलं पान बघतो, फार तर खाली 'जरा जुनी पोस्ट' दाबतो, एकदा, दोनदा, मग कंटाळतो. साल आणि महिन्याचं झाड असतं, पण मला स्वतःला माझा लेख २०११ च्या मार्चचा की २०१२ च्या ते आठवत नाही तर वाचकाला काय डोंबल कळणार. लेबलांचा तर आनंदच, माझ्याकडे 'आठवण', 'आठवणी', 'आठवणीतले' अशी तीन लेबलं निघाली. लेखाखाली 'हेही वाचा' म्हणून फोटोसकट चार लेख दाखवणारी गॅजेटं मी वापरली, ती लेबलांवरून किंवा शब्दांवरून जुळवतात, त्यामुळे सासऱ्यांच्या आजारपणावरच्या लेखाखाली पथ्याच्या रेसिप्या यायच्या. वाचवत नव्हतं ते.

मग मी सरळ हातानं अनुक्रमणिका केली. एक पान, त्यात सगळे लेख नाहीत, जे अजून मला वाचावेसे वाटतात तेवढेच, आणि विषयवार नाही तर मला सुचतील तशा जोड्या लावून. 'चिपळूणचं घर' असं एक, 'खाणं, पण रेसिपी नाही' असं एक, 'मुलं लहान असतानाचं' असं एक. प्रत्येक लेखापुढे एक ओळ, दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत नुसतं नाव असतं ते मला कधीच पुरत नाही. चार संध्याकाळी लागल्या असतील. त्याशिवाय भाच्यानं एक बटण करून दिलं, ब्लॉगच्या स्वतःच्या फीडमधून कुठलाही एक लेख उचलून उघडणारं, बाहेरचं कुणाचं काही नाही त्यात. त्यावर नाव लिहिलंय 'कुठलंही पान'. आई ते रोज दाबते. परवा फोन केला आणि म्हणाली, "अगं तू बाबांच्या रेडिओबद्दल लिहिलं होतंस, मला माहीतच नाही." लेख टाकला तेव्हा मीच तिला वाचून दाखवला होता, पण ते असो.

आता राहिला एकच सर्च. आणि तिथे घोडं पेंड खातंय. आधीच्या लेखांत मी 'ॲ' हा अ आणि वर चंद्र असा जोडून टाइप केलेला, कारण 'ॲ' ला स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आली आणि कीबोर्डांत उतरायला आणखी वेळ गेला. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, सर्चला नाही. 'ॲसिडिटी' शोधलं की निम्मे लेख गायब. ते मी एकदा बसून बदलून टाकीन. पण विभक्तीचं काय करायचं? माझ्याकडचा साधा सर्च शब्दाचा तुकडा जसाच्या तसा जुळवतो, म्हणजे 'आजी' शोधलं की 'आजीच्या', 'आजीला' सापडतं, छान. 'पाऊस' शोधलं की मात्र 'पावसात', 'पावसाचा', 'पावसानं' यातलं काहीही नाही. आणि आपण पाऊस असा सुटा लिहितो किती वेळा, मराठी लेखात पाऊस कायम कशाला तरी चिकटलेलाच असतो. एका कोकणातल्या बाईच्या ब्लॉगवर पाऊस शोधला आणि दोन लेख आले, हे मला सहन होत नाहीये. मी वाचकांना सर्चच्या खोक्यात राखाडी अक्षरांत लिहून ठेवलंय, 'पावस असं अर्धवट टाइप करून बघा', तर एक जण लगेच कळवून गेला की अर्धं स्वामी स्वरूपानंदांचं पावस आलं.

तर सामान्यरूप ओळखणारं, 'घोडा' म्हटल्यावर 'घोड्यावर' पण आणून देणारं, मराठीसाठीचं असं काही सर्चचं प्लगइन कुणी करत असेल, अर्धवट केलेलं असेल, नुसतं डोक्यात असेल तरी कळवा. तपासून द्यायला माझ्याकडे पावसावरचे भरपूर लेख आहेत. आणि पैसेही देईन, फार नाही.